बोअर, कॅलिबर आणि धक्का

छऱ्याच्या बंदुकीवर कोरलेला '१२' हा आकडा इंच सांगत नाही, मिलिमीटर सांगत नाही आणि बंदुकीची ताकदही सांगत नाही. तो शिशाच्या गोळ्यांची संख्या सांगतो. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची भरीव गोळी घ्यायची. तशा १२ गोळ्यांचे वजन एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम, भरले तर ती नळी १२ बोअरची. २० गोळ्या लागल्या तर २० बोअरची. म्हणूनच आकडा वाढला की नळी अरुंद होते. नव्या माणसाचा पहिला घोटाळा इथेच होतो: २० हा १२ पेक्षा मोठा, म्हणून बंदूकही मोठी, असे त्याला वाटते. भारतात या मापाला बोअर म्हणतात, अमेरिकेत गेज. हिशेब एकच.

१२ बोअरची एक गोळी ३७.८ ग्रॅमची होते आणि तिचा व्यास येतो १८.५ मिलिमीटर. १६ बोअरचा व्यास १६.८, २० बोअरचा १५.६ आणि २८ बोअरचा जवळजवळ १४ मिलिमीटर. गोळीचे वजन व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते, त्यामुळे बोअरचे आकडे दूरदूर पळाले तरी नळ्यांच्या व्यासात फरक थोडाच पडतो. १२ आणि २० या आकड्यांत मोठे अंतर दिसते. प्रत्यक्ष नळ्यांत ते तीन मिलिमीटरांपेक्षाही कमी आहे. गेल्या शतकाच्या आधी हत्तीच्या शिकारीसाठी ८ आणि ४ बोअरच्या अवजड बंदुका बनत. ४ बोअरच्या नळीत पाव पौंडाची गोळी बसे. त्या आता संग्रहालयात पाहायच्या.

या कुटुंबात एक परका आहे, तो म्हणजे ४१०. हा बोअरचा आकडा नव्हेच. तो व्यास आहे, ०.४१० इंच, म्हणजे १०.४ मिलिमीटर. बोअरच्या हिशेबात मांडला तर तो ६७च्या आसपास जातो. हलकी, सुबक, धक्का नगण्य, म्हणून ही बंदूक नवशिक्याच्या हातात देण्याची पद्धत आहे. पद्धत फारशी शहाणपणाची नाही. तिच्या काडतुसात छरे इतके थोडे असतात की उडत्या लक्ष्याला ते लागण्यासाठी नेम मुरलेलाच हवा.

कॅलिबर हा शब्द खरा रायफलीचा. रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात आणि फिरणारी गोळी सरळ जाते. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, कारण तिला एक गोळी लांब पाठवायची नसून शेकडो छऱ्यांचा झुबका जवळ पाठवायचा असतो. कॅलिबर म्हणजे खाचा असलेल्या नळीचा व्यास, इंचात किंवा मिलिमीटरात. .२२ म्हणजे इंचाचे २२ शतांश, ५.६ मिलिमीटर. मात्र हेही अक्षरशः घेऊ नये. व्यास खाचांच्या उंचवट्यांवरून मोजायचा की खोलगटावरून, यात कारखान्यांनी आपापल्या सोयी पाहिल्या. .३०३ रायफलीची गोळी प्रत्यक्षात .३११ इंचाची असते. .३०-०६ मधला ०६ हा तर व्यासही नाही आणि वजनही नाही; ते काडतूस अमेरिकी लष्कराने १९०६ साली स्वीकारले, त्या सालाची ती खूण. भारतात नागरिकांच्या परवान्यावर बहुधा दिसणारी .३१५ रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली. लष्कराचे .३०३ कॅलिबर नागरिकांना वर्ज्य ठरल्यामुळे हे वेगळे कॅलिबर प्रचारात आले.

छर्‍यांनाही स्वतःचे आकडे आहेत आणि तेही उलटेच चालतात. भारतात जुनी इंग्रजी पद्धत टिकली आहे. ६ नंबरचा छर्रा २.६ मिलिमीटरचा, एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅमांत, असे सुमारे २७० छरे मावतात. ४ नंबरचा ३.१ मिलिमीटरचा, औंसात १७०. बीबी ४.१ मिलिमीटरचा, औंसात ७०. त्यापलीकडे अक्षरे लागतात: एसजी ८.४ मिलिमीटरचा, औंसात फक्त ८, एलजी ९.१ मिलिमीटरचा, औंसात ६. बारीक छरे दाट पडतात आणि लवकर दमतात. जाड छरे दूर जातात, पण विरळ पडतात. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची १२ बोअरची काडतुसे देशभर चालतात. त्यांच्या पितळी बुडावरची 'केएफ' ही अक्षरे म्हणजे जुन्या स्पेलिंगातली 'किरकी फॅक्टरी'. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा खडकी म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेली.

झुबका किती पसरावा हे नळीचे तोंड ठरवते. तोंडाजवळ नळी किंचित आवळलेली असते, तिला चोक म्हणतात. १२ बोअरच्या पूर्ण चोकमध्ये हे आवळणे जेमतेम एक मिलिमीटर असते, पण परिणाम डोळ्यांना दिसतो. ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरांवर, ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखून बार काढला तर पूर्ण चोकच्या नळीतून सुमारे ७० टक्के छरे वर्तुळात पडतात, अर्ध्या चोकमधून ६० आणि सरळ नळीतून ४०. दुनळी बंदुकीचे खरे शहाणपण यात आहे. उजवी नळी मोकळी, डावी आवळलेली. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डावीचा. जवळच्या लक्ष्याला उजवी, लांबच्याला डावी, आणि निवड करायला बोट एका चापावरून दुसऱ्यावर सरकण्याइतका वेळ पुरतो.

धक्क्याचे गणित शाळेतल्या संवेगाच्या नियमापलीकडे जात नाही. छरे, त्यांच्यामागची डाट आणि जळलेल्या दारूचा वायू जितक्या संवेगाने पुढे जातात, तितक्याच संवेगाने बंदूक मागे येते. उदाहरण घ्यावे. १२ बोअरची तीन किलोची बंदूक, ३२ ग्रॅम छऱ्यांचे काडतूस, छऱ्यांचा वेग सेकंदाला ३९० मीटर. डाट आणि वायू धरून पुढे जाणारा संवेग साडेचौदाच्या थोडा वर भरतो. त्याला तीनाने भागले की बंदुकीचा मागे येण्याचा वेग सेकंदाला ४.९ मीटर, आणि खांद्यावर येणारी ऊर्जा ३६ ज्यूल. काडतूस तेच ठेवून बंदूक साडेतीन किलोची घेतली तर ऊर्जा ३१ ज्यूलपर्यंत उतरते. त्याच साडेतीन किलोच्या बंदुकीत ऑलिंपिकच्या ट्रॅप स्पर्धेत चालणारे २४ ग्रॅमचे काडतूस घातले तर धक्का १९ ज्यूलवर येतो, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ निम्मा. या सगळ्यात बोअर बदललेला नाही.

आता बोअर बदलून पाहावा. २० बोअरची नाजूक, अडीच किलोची बंदूक आणि तिच्यात २८ ग्रॅमचे भारी काडतूस: धक्का सुमारे ३२ ज्यूल. तेवढेच छरे १२ बोअरच्या साडेतीन किलोच्या बंदुकीतून उडवले तर सुमारे २४. घरातल्या बारीक अंगाच्या माणसासाठी 'लहान बोअर घ्या, धक्का कमी बसेल' हा दुकानातला सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. धक्का काडतुसातल्या भाराने वाढतो आणि बंदुकीच्या वजनाने घटतो. नळीचा व्यास त्यात थेट येतच नाही. लहान बोअरची बंदूक हलकी बनवतात आणि तिच्यात हलके काडतूस घालायचे असते. दुसरी अट विसरली की पहिलीचा फायदा संपला.

एकोणिसाव्या शतकातले बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचा याबाबतचा ठोकताळा अजून वापरात आहे: बंदुकीचे वजन छऱ्यांच्या भाराच्या ९६ पट असावे. २८ ग्रॅमला पावणेतीन किलो, ३२ ग्रॅमला तीन किलोच्या किंचित वर. याहून हलकी बंदूक दिवसभर खांद्यावर मिरवायला छान, पण बार काढताना बोचते. तुलनेसाठी रायफल घेतली तर .३०-०६ ची गोळी पावणेबारा ग्रॅमचीच असते. मात्र तिचा वेग दुपटीच्या वर आणि दारूही दुपटीची, त्यामुळे धक्का १२ बोअरच्या आसपास जातो. .२२ मध्ये तो नावालाच असतो. जो संवेग बंदूक उडवणाऱ्याच्या खांद्यावर येतो, जवळपास तोच लक्ष्यावर जातो, एवढे ध्यानात घेतले तर सिनेमातला खलनायक एका बारात काचेच्या खिडकीतून दहा फूट मागे कसा उडतो, हा प्रश्न दिग्दर्शकालाच विचारावा लागेल.

कागदावरचे ज्यूल आणि खांद्याला बसणारा मार मात्र सारखा नसतो. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट टेकवला तर बंदूक आणि शरीर मिळून मागे सरकतात. दस्ता सैल धरला तर बंदूक मधल्या फटीत वेग घेते आणि मग ठोसा मारते. दस्त्याची लांबीही महत्त्वाची. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण ३६ सेंटिमीटर हे प्रौढ पुरुषाचे चालू माप. बुटक्या माणसाला तो लांब पडतो, बगलेत अडकतो आणि दंडावर निळा डाग उमटतो. दस्त्याचा उतार जास्त असेल तर नळी वर उसळते आणि लाकूड गालफडावर आपटते. आवाजाचाही यात मोठा वाटा असतो. कानात बोळे घालून तेच काडतूस उडवले की धक्का कमी झाल्यासारखा वाटतो. दोन-चार वेळा मार बसलेला माणूस चाप दाबण्याच्या क्षणी डोळे मिटतो आणि खांदा मागे खेचतो. ही खोड एकदा लागली की सुटायला फार वेळ घेते. शिकवणारे म्हणूनच सुरुवातीला २४ ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत.

बंदूक कशासाठी हवी, यावर तिची निवड ठरते. मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांत पार बदलले. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हा सगळा मुलूख साष्टी बेटातला. भातखाचरे, खाजणे आणि मागे डोंगराचे जंगल. हिवाळ्यात खाचरांत पाणलावे उतरत, विहार आणि तुळशीच्या पाण्यावर बदके येत. मुंबईचे साहेब आणि हौशी देशी शिकारी रविवारी इकडे वळत. वाकडेतिकडे उडणाऱ्या पाणलाव्यासाठी मोकळ्या नळीची हलकी १२ किंवा १६ बोअर आणि ८ नंबरचे बारीक छरे; बदकासाठी आवळलेली नळी आणि ४ किंवा ६ नंबर. मोठ्या जनावराला रायफल लागे. वाघही या डोंगरात होता. १९२९ साली विहार तलावाजवळ वाघ मारल्याची नोंद आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली निघाली, तीही बऱ्याच अंशी शिकारी निरीक्षकांच्या जोरावर. पक्ष्यांचे नमुने गोळा करणारे अगदी बारीक, पुडीतल्या राईसारखे छरे वापरत, म्हणजे कातडे फाटत नसे. पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांना लहानपणी एअरगनने मारलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीने या सोसायटीच्या दारात नेले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे.

१९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. शिकारीला परवाना आणि बंदीचे हंगाम आले. हा कायदा घडवण्यात सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांचा हात होता. त्याच सुमारास, १९५० आणि १९५७ मध्ये, साष्टीतली ही गावे महापालिकेच्या हद्दीत आली आणि खाचरांवर इमारती उठल्या. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर हौसेची शिकार संपली. एअरगनने पाखरू टिपणे हाही गुन्हाच आहे. आज 'शिकारीची बंदूक' म्हणून जी विकली जाते ती महाराष्ट्रात तीन कामांसाठी घेता येते: राखण, नेमबाजी आणि पीकसंरक्षण.

राखणीची बंदूक उपनगरातल्या माणसाला रोज दिसते. घाटकोपर किंवा मुलुंडला बँकेच्या दाराशी, रोकड नेणाऱ्या गाडीजवळ, खाकी कपड्यांतला एखादा निवृत्त जवान जी दुनळी घेऊन उभा असतो, ती बहुधा १२ बोअरच. या कामाला चोकची चिकित्सा नको. साधी, मोडून भरायची, सुटे भाग सहज मिळणारी बंदूक पुरे. १२ बोअर घेण्याचे भारतातले सर्वांत व्यवहारी कारणही हेच: तिची काडतुसे मिळतात. १६ आणि २८ बोअरच्या सुबक वारसाबंदुका काडतुसांअभावी कपाटात पडून राहतात.

नेमबाजीत ट्रॅप आणि स्कीट या उडत्या तबकड्या फोडण्याच्या स्पर्धा छऱ्याच्या बंदुकीने खेळतात. आंतरराष्ट्रीय नियमाने १२ बोअरपेक्षा मोठी नळी चालत नाही, छरे २.६ मिलिमीटरपेक्षा जाड नसतात. बिकानेरचे महाराजा कर्णी सिंह यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवले, राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचे. मुंबईकरांना वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज माहीत असते. पण रायफल-पिस्तुलाला भिंतीआडची जागा पुरते, तर ट्रॅपच्या छऱ्यांना पडायला समोर दोनशे मीटरांहून अधिक मोकळे रान लागते. उपनगरात तेवढी जमीन आता कुठली? या खेळाच्या बंदुका साडेतीन किलो आणि त्याहून जड असतात. एका फेरीत २५ तबकड्या, दिवसात अनेक फेऱ्या. इथे हलकी बंदूक घेणारा संध्याकाळी खांदा शेकत बसतो.

पीकसंरक्षणाची खरी भूमी कोकण. रत्नागिरी-सिंधुदुर्गात रानडुकरे भात आणि नाचणी लोळवतात, माकडे बागा ओरबाडतात. इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली ती ठासणीची बंदूक: तोंडातून दारू, डाट, छरे भरायचे, गजाने ठासायचे आणि केप लावायची. तिचा बोअर ठराविक नसतो आणि धक्काही ठराविक नसतो. दारू किती पडली त्यावर तो ठरतो. हाताने मापलेल्या दारूमुळे नळी फुटून माणसे जखमी होतात. काडतुसाची बंदूक घेण्याचे हे सर्वांत मोठे कारण. बंदूक हाती असली तरी जनावर मारण्याची मुभा मिळत नाही. रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत २०१५च्या शासननिर्णयाने वनखात्याच्या परवानगीची वाट ठेवली आहे. त्याशिवाय केवळ पळवून लावण्यासाठी आवाजाचा बार. निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि २०१९ व २०२४च्या विधानसभा निवडणुका नेमक्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, भातकापणीच्या तोंडावर आल्या. वाडीतल्या शेतकऱ्याची कुरकुर रास्तच म्हणावी लागेल.

वाडीवस्तीजवळ रायफलीऐवजी छऱ्याची बंदूक का, याचे उत्तर पल्ल्यात आहे. ६ नंबरचा छर्रा फार तर २०० मीटरांवर थकून पडतो, एलजी सातशेच्या आसपास. .२२ ची गोळी मात्र दीड किलोमीटर जाते, मोठ्या रायफलीची तीनचार किलोमीटर. चुकलेल्या नेमाचा हिशेब बंदूक घेण्यापूर्वीच करायचा असतो.

परवाना १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली मिळतो. मुंबईत, म्हणजे उपनगरांतही, तो पोलीस आयुक्त देतात, आयुक्तालय नसलेल्या भागांत जिल्हाधिकारी. राखणीच्या किंवा खेळाच्या छऱ्याच्या बंदुकीची नळी २० इंचांपेक्षा आखूड चालत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. परवान्यावर बोअर लिहिलेला असतो. म्हणजे आधी परवाना काढू आणि बोअर मागाहून ठरवू, असे चालत नाही.

जुनी किंवा वारशाने आलेली बंदूक वापरात आणण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्याच लागतात. पहिली, काडतुसाच्या घराची लांबी. जुन्या बंदुकांचे घर ६५ मिलिमीटरचे, आजची काडतुसे ७० आणि ७६ मिलिमीटरचीही असतात. ही लांबी बार उडाल्यानंतरच्या, तोंड उलगडलेल्या काडतुसाची असल्यामुळे लांब काडतूस आखूड घरात बिनबोभाट शिरते. उडताना तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब धोक्याच्या वर जातो. नळीच्या बुडाशी लांबीचा आणि दाबचाचणीचा शिक्का असतो, तो भिंग लावून वाचावा. तारा पिळून घडवलेल्या, लहरी नक्षीच्या दमास्कस नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. त्यांत आजची काडतुसे घालू नयेत.

दुसरी गोष्ट, एकाच छताखाली दोन बोअरची काडतुसे. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत टाकले तर ते घरातून पुढे घसरते आणि नळीत अडकून बसते. मागून पाहिले तर घर रिकामे दिसते. त्यावर १२ बोअरचे काडतूस भरून चाप ओढला तर नळी फुटते, आणि ती फुटते नळीखाली धरलेल्या डाव्या हाताच्या जागी. याच कारणाने २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची प्रथा पडली. तरीही खिशात किंवा पट्ट्यात दोन्ही प्रकार एकत्र ठेवू नयेत, आणि बंदूक मोडल्यावर प्रत्येक वेळी दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे.